सीझन संपू दे

समोरच्या फ्लॅटमधल्या काकांच्या हाती कुठलीही गोल वस्तू आली की ते आधी तिचा वास घ्यायचे. ती वस्तू फळच असायला हवी असं काही नव्हतं. खाली खेळणाऱ्या मुलांचा चेंडू पायाशी घरंगळत आला तरी ते तो उचलायचे, अंगठ्याने हलकेच दाबायचे, नाकाशी न्यायचे आणि मगच परत फेकायचे. मुलं तोवर शहाण्यासारखी उभी राहायची. एकदा आमच्या जिन्यातला बल्ब बदलायला ते स्टुलावर चढले होते, तेव्हा काढलेला जुना बल्बही नाकाशी नेऊन मग त्यांनी खाली दिला.

आमच्या मुलीला दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी ते बघायला आले. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, खांद्यावर पंचा. त्यांनी तिला दोन्ही हातांत घेतलं, टाळूशी नाक नेलं, म्हणजे आंब्याचा वास देठाशी घेतात तसं, डोळे मिटले आणि म्हणाले, "लई भारी. चांगलं पोसलंय." माझ्या सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मला मात्र त्या दिवसांत मिळालेल्या सगळ्या आशीर्वादांमध्ये हाच जास्त मनापासूनचा वाटला.

काकांचा वाशीच्या फळबाजारात गाळा होता. गावागावाहून माल यायचा, ते तो विकून द्यायचे. आम्ही राहतो कोपरखैरण्याला. आमचा दरवाजा त्यांच्या दरवाजासमोर, आणि दोन्ही घरांची दारं दिवसभर उघडी ठेवायची पद्धत. त्यामुळे त्यांच्या घरातलं निम्मं बोलणं आमच्या घरात आपोआप यायचं. त्यातलं सगळ्यात जास्त वेळा आलेलं वाक्य म्हणजे "सीझन संपू दे."

काकू म्हणायच्या, "ह्या मे महिन्यात गावाला जाऊन येऊया का हो?"

"सीझन संपू दे."

"बरं."

झालं, एवढंच. काकूंच्या त्या 'बरं'मध्ये राग नसायचा, रुसवा नसायचा, टोमणा तर नाहीच. दूध उतू जायच्या आत गॅस बंद करावा तसं त्या ते म्हणायच्या आणि पुढच्या कामाला लागायच्या. मी लग्न होऊन नवी आले होते तेव्हा मला ते ऐकून बरं वाटायचं. म्हटलं, काय समजूतदार जोडपं आहे.

आता तुम्ही म्हणाल, सीझन काय, कधीतरी संपतोच. मलाही तसंच वाटायचं. एकदा जूनमध्ये मी हौसेने विचारलं, "काका, झाला ना सीझन? आता आराम." तर त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. हापूस संपतो तेव्हा जुन्नरकडचा आंबा येतो, मग यूपीचा. तो संपेस्तोवर सीताफळ. मग मोसंबी, डाळिंब, संत्री. थंडीत स्ट्रॉबेरी, लगेच द्राक्षं, कलिंगडं. आणि कलिंगडाच्या ढिगामागून हापूसच्या पहिल्या पेट्या डोकावायला लागतात. "फळ कधी थांबतं का, म्याडम?" ते म्हणाले. हातात ऑफिसची बॅग असलेल्या प्रत्येक बाईला ते म्याडम म्हणायचे.

काकू कोकणातल्या, राजापूरच्या खालच्या अंगाच्या. काका घाटावरचे. ही गाठ कशी पडली, तर तीसुद्धा मालापायीच. तरुणपणी काका आंबा बघायला कोकणात गावोगाव हिंडायचे. काकूंच्या वडिलांची बाग होती. काका बाग बघायला गेले आणि पाणी द्यायला आलेली मुलगी बघून आले. बोलणी तिथल्या तिथे झाली. लग्न मात्र लगेच झालं नाही. काकूंच्या वडिलांनी तारखेचं विचारलं तेव्हा काका काय म्हणाले असतील ते मी सांगायला नको. लग्न पुढे थंडीत झालं, आणि काकू लाजत म्हणायच्या, "अक्षता पडल्यावर तिसऱ्या दिवशी हे गाळ्यावर."

त्यानंतर काकांना त्या गावी जायची गरज पडली नाही. फोन आले, टेम्पो आले, काकूंचा भाऊ बाग सांभाळायला लागला आणि माल आपला आपण बाजारात येऊ लागला. काकू माहेरी जायच्या त्या गणपतीत, किंवा कोणाच्या लग्नाकार्याला. मे महिन्यात कधीच नाही. मे महिन्यात काका पहाटे अंधारात निघायचे, त्यांचा डबा, घरी उतरणारे गावाकडचे शेतकरी, त्यांची जेवणं, हे सगळं काकूंवर असायचं. म्हणजे बघा, आंब्याच्या बागेत वाढलेली बाई आंबेवाल्याच्या घरात पडली, आणि लग्नानंतर तिने आपल्या घरच्या झाडाला आंबा लागलेला बघितला नाही. तिला एवढंच हवं होतं. एक मे महिना, आपल्या अंगणात, झाडांना आंबे असताना. आणि सीझन संपल्यावर गेलं तर तिथे जे बघायचं तेच संपलेलं असायचं.

काकूंच्या भावाच्या बागेतल्या पेट्या काकांच्या गाळ्यावर यायच्या. त्या विकल्या जायच्या. घरी यायचे ते डागी आंबे, म्हणजे ज्यांना गिऱ्हाईक नाही असे. बाजारातल्या सगळ्यांच्याच घरी हीच तऱ्हा असते असं काका सांगायचे. काकू तो डाग कापून टाकायच्या आणि उरलेल्याचा रस काढायच्या. पेटीतलं गवत मात्र त्या टाकून द्यायच्या नाहीत. गॅलरीत एका कोपऱ्यात पसरून ठेवायच्या. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "आमच्याकडच्या वाटेवरचं गवत ते. वास येतो ना बघ." मला गवताचा वास आला. त्यांना काय येत होतं ते त्यांनाच ठाऊक.

बाजाराला सुट्टी असली की काकांकडे बघवायचं नाही. सकाळपासून येरझारा. मग सोसायटीच्या टाकीचं झाकण नीट बसवून ये, मग वॉचमनची खुर्ची दुरुस्त कर, मग गेटवर भाजीवाल्याच्या गाडीवरचे टोमॅटो थराने लावून दे, मोठे वर, बारके खाली. भाजीवाला खूश असायचा. दुपारपर्यंत काकांचं डोकं दुखायला लागायचं आणि संध्याकाळी काकूंच्या हाताला चव नाही असा शोध लागायचा. दुसऱ्या दिवशी बाजार उघडला की डोकंही थांबायचं आणि चवही यायची.

आमचं ऑफिस ऐरोलीला. मी सॉफ्टवेअर तपासणाऱ्या एका टीमची प्रमुख आहे. गिऱ्हाइकाच्या हाती नवं सॉफ्टवेअर द्यायचा दिवस ठरलेला असतो, त्याला आम्ही रिलीज म्हणतो. एके वर्षी ऑफिसने आमच्या तब्येतीची काळजी म्हणून एक ऑनलाइन व्याख्यान ठेवलं. विषय होता कामाचं व्यसन. एक छानशी मुलगी पडद्यावर एकेक खूण सांगत होती. सुट्टीच्या दिवशी तुम्हाला अस्वस्थ वाटतं का? मी मनात म्हटलं, काका. जेवताना कामाचं बोलता का? काका. घरच्यांना दिलेली वचनं हे काम झाल्यावर, ते काम झाल्यावर, अशी पुढे ढकलता का? मला हसूच आलं. प्रत्येक प्रश्नाला काका शंभर टक्के बसत होते. इतका नमुनेदार माणूस समोरच्या दारात राहतो याचं मला कौतुक वाटलं आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगायचं मी ठरवलं. हे सगळं मी ऐकत होते ते दुसऱ्या खिडकीत मेलना उत्तरं देता देता, आणि कॅमेरा बंद करून. व्याख्यान संपलं ते मला कळलंही नाही.

यात काही विसंगत आहे असं त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं नाही. तुम्हाला पटकन आलं असेल. बाहेरून बघणाऱ्याला येतंच.

काकांच्या मात्र लक्षात आलं होतं. लिफ्टमध्ये एकदा आम्ही दोघंच होतो. माझ्या एका कानात फोन, हातात लॅपटॉपची बॅग, बॅगेतून लोंबणारी चार्जरची वायर. फोन झाल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "म्याडम, तुमचा सीझन कधी संपतो?"

"आमचा कसला सीझन, काका? हे एक रिलीज जाऊ दे, मग निवांत."

"आन् मग?"

"मग काय, पुढचं दोन महिन्यांनी."

"त्याच्यामदी?"

"मध्ये जुन्यातल्या चुका निघतात, त्या निस्तरायच्या."

काका इतके हसले की लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली तरी त्यांना बाहेर पडायचं सुचेना. "मंजे तुमी फळबाजारातच हायात की! उगा त्या काचंच्या बिल्डिंगीत बसताय." मीही हसले. घरात आले आणि बॅग ठेवायच्या आत लॅपटॉप उघडला.

आमच्या मुलीचं तेव्हा एक खूळ होतं, फ्लेमिंगो. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत आमच्या ऑफिसमागच्या खाडीत ते येतात. माझ्या खिडकीतून लांबवर गुलाबी रेघ दिसते. मी एकदा फोटो काढून तिला पाठवला आणि ती मागेच लागली की होडीतून जाऊन जवळून बघायचे. मी म्हटलं, हे रिलीज जाऊ दे. पक्षी उडून गेले. पुढल्या वर्षी परत आले, परत गेले. ती हट्ट करणारी पोर नाही. तिने फक्त एक सवय लावून घेतली. काही मागायचं असलं की आधी विचारायची, "आई, रिलीज झालं का? मग बोलते." मी ते कौतुकाने ऑफिसमध्ये सांगायचे. किती समजूतदार आहे म्हणून.

मग त्या पेटीचं झालं.

काकूंनी त्या वर्षी पहिल्यांदा जरा नेट लावून विचारलं होतं. भावाचा फोन आला होता, विहिरीकडचं जुनं कलम यंदा लगडलंय, नेहमीचं उत्तर देऊ नकोस, ये. काका सीझन संपू दे म्हणाले. काकू बरं म्हणाल्या. पण नंतर त्या दिवसभर काही बोलल्या नाहीत. काकांना ते जाणवलं असावं, कारण दोन-तीन दिवसांनी ते स्वतः पेटी उचलून घरी आले. पूर्ण पेटी, एकही डाग नसलेली. दारातूनच त्यांनी मला हाक मारली, "म्याडम, या. आज हिच्या माहेरचा सण हाय."

काकूंनी पदराला हात पुसले. झाकण उचललं. गवत बाजूला केलं, एक आंबा उचलला, उलटसुलट करून बघितला आणि झाकण परत लावलं.

"हा आमचा नाही," त्या म्हणाल्या.

काका अगदी सहज म्हणाले, "नाहीच. तुझ्या भावाचा माल यंदा बरोबर नाय आला, उन्हानं मार खाल्लाय. हा देवगडचा हाय, एक नंबर. मी सोता निवडला."

त्यांनी लबाडी केली नव्हती, काटकसरही केली नव्हती. बाजारात होता त्यातला उत्तम माल त्यांनी बायकोसाठी काढून आणला होता. माहेरचा वाईट आंबा आणि परका चांगला आंबा यांत बाई कुठला निवडेल, हा प्रश्नच त्यांना पडला नव्हता. त्यांच्या धंद्यात त्याचं उत्तर एकच होतं. काकूंनी "बरं" म्हटलं. ती पेटी त्यांनी आमच्या अख्ख्या मजल्यावर वाटली आणि स्वतः एक फोड खाल्ली नाही.

पुढच्या वर्षी मे महिना लागला आणि काकूंनी विचारलंच नाही. एका सकाळी भाच्याची गाडी खाली आली. काकू माझ्या दारात आल्या, चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ह्यांना पोळ्यावाली लावून दिलीय. भाजी तेवढी बघ गो." मी म्हटलं, "काकांना सांगितलंत?" तर म्हणाल्या, "संध्याकाळी कळेल. आता गाळ्यावर गर्दीत सांगून काय उपयोग." पायांत नव्या चपला होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढ्या झपझप चालताना बघितलं नव्हतं.

संध्याकाळी काका आमच्या दारात येऊन उभे राहिले. "ती गेली," ते म्हणाले. आणि मग, जणू यातला खरा धक्का अजून सांगायचा राहिला आहे अशा आवाजात, "भर सीझनमदी!"

मी त्यांना जेवायला बसवलं. आमची मुलगी त्यांच्या शेजारी बसली होती. तिने विचारलं, "काकू कधी येणार?" ते म्हणाले, "आंबा संपल्यावर." तिने मान हलवली आणि त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. ती पोळी त्यांनी बराच वेळ तशीच ठेवली.

त्यानंतर रोज संध्याकाळी दारातून फोनवरचं बोलणं ऐकू यायचं. "तिकडं ऊन कसं हाय?", "भावानं आंबा काढला का?", "देठ ठेवून काढायला सांग." भाव, माल, हवा, सगळं विचारून झालं की ते थोडा वेळ फोन कानाला धरून नुसते बसायचे. तू कशी आहेस हे विचारायला त्यांच्याकडे शब्द नसावेत. माझं त्यांना हसणं त्या दिवसांत बंद झालं.

मग एक दिवस ते सकाळी घरीच दिसले. चांगला इस्त्रीचा सदरा घातलेला. म्हटलं, "काय काका, बाजाराला सुट्टी?" ते नजर चुकवत म्हणाले, "नाय, जरा माल बघायला चाललोय. तिकडंच. रिकामे क्रेट घेऊन टेम्पो चाललाय, त्याच्यातच बसतो."

मी दार लावून घेतलं आणि पोट धरून हसले. आणि हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना जायचं होतं बायकोकडे. पण नुसतं जायचं कसं, हे त्यांना येत नव्हतं. कामाला म्हणून निघाले तरच त्यांचे पाय उचलत होते. मी त्यांना काय नावं ठेवणार? मुलीच्या शाळेत पालक म्हणून बोलावलं की मीही कॅलेंडरवर 'मीटिंग' असं लिहून जात होते.

पुढचं काकूंनी सांगितलं तसं सांगते. टेम्पो बागेशी थांबला, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवरून हे उतरले, आणि सगळ्यांसमोर पहिलं वाक्य म्हणाले, "माल बघायला आलोय." भाऊ बिचारा माल दाखवायला धावला. काकू म्हणाल्या, "थांब दादा, मी दाखवते." त्या त्यांना विहिरीकडच्या कलमाखाली घेऊन गेल्या. तिथे झाडावरच पिकून खाली पडलेला एक आंबा होता. बाजारात जातो तो आंबा कच्चाच काढतात, गवतात पिकवतात. झाडावर पिकलेला आंबा गाळ्यापर्यंत पोचतच नाही. काकांचा सगळा जन्म आंब्यात गेला आणि तसला आंबा त्यांनी कधी खाल्ला नव्हता. काकूंनी तो पदराने पुसून त्यांच्या हातावर ठेवला.

"आणि काय सांगू," काकू मला म्हणाल्या, "वास नाही घेतला गो त्यांनी. तसाच खाल्ला. सदऱ्यावर रस, कोपरापर्यंत रस. बाठा चोखून झाला तरी हातात धरून बसले."

ते एक रात्र राहिले. दुसऱ्या दिवशी भरलेल्या टेम्पोतून परत निघाले. काकू म्हणाल्या, थांबा की दोन दिवस. ते म्हणाले, "सीझन संपू दे. मग सावकाश येतो." काकू बरं म्हणाल्या.

सीझन संपला. काकू घरी आल्या. त्याच पावसाळ्यात, आंबा संपून सीताफळ सुरू व्हायच्या आधी, काका गेले. छातीत दुखायचं म्हणे उन्हाळ्यापासून. गाळ्यावरच्या माणसांनी दोनदा डॉक्टरकडे नेतो म्हटलं, तर त्यांनाही तेच उत्तर मिळालं होतं. बाजारातले लोक भेटायला आले, त्यातले एक म्हातारे गृहस्थ भरल्या आवाजात म्हणाले, "शेवटपर्यंत शेटनी सीझनला धक्का लागू दिला नाही." ते कौतुक होतं. मला त्या कौतुकाचा इतका राग आला की मी उठून आत पाणी आणायला गेले.

मागून काकू आल्या. त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, "मला वाटायचं, मलाच तेवढं सांगतात, सीझन संपू दे. ते आपल्या छातीलापण तेच सांगत होते." मग आम्ही दोघी तिथे ओट्याशी उभ्या राहून रडलो.

काकूंचा मुलगा बंगळुरूला असतो, तो त्यांना न्यायला आला होता. काकू त्याच्याबरोबर गेल्या नाहीत. त्या गावी गेल्या, भावाकडे. समोरचं दार आता बंद असतं. लिफ्टमधून उतरल्यावर त्या बंद दाराकडे बघायची मला अजून सवय झालेली नाही.

यंदा मे महिना लागला आणि त्यांचा फोन आला. "कलम लगडलंय. पोरीला घेऊन ये. येशील ना गो?"

माझ्या समोर स्क्रीन उघडा होता. मी त्यावरची नजर न काढता म्हटलं, "काकू, येते ना. हे एक रिलीज जाऊ दे."

मग काकू म्हणाल्या, "बरं."

हे 'बरं' मी समोरच्या दारातून वर्षानुवर्षं ऐकलं होतं. मला उद्देशून ते पहिल्यांदाच आलं. मी फोन ठेवला आणि मुलीकडे वळले. ती टेबलापाशी चित्र काढत होती. मी म्हटलं, "काकूंकडे जायचं का आपण?" तिने वर न बघता विचारलं, "रिलीज झाल्यावर ना?" आणि माझ्या उत्तराची वाटही न पाहता म्हणाली, "बरं."

ती काकूंची नक्कल करत नव्हती. तिचं ते स्वतःचंच होतं. इतकं पिकलेलं 'बरं' त्या वयात कुठून आलं याचा विचार करायची गरज नव्हती. त्या व्याख्यानातल्या मुलीने विचारलेले सगळे प्रश्न एकामागून एक माझ्यासमोर येऊन उभे राहिले, आणि या वेळी उत्तरात काका म्हणायची सोय उरली नव्हती. मी घाबरले. खरंच घाबरले. साहेबांना फोन करून सांगितलं की मी रिलीजच्या आठवड्यात सुट्टीवर आहे. त्यांनी विचारलं, "काही सीरियस आहे का?" मी हो म्हटलं.

एवढं करून मी लॅपटॉप बरोबर घेतलाच. उगाच आपला, असू दे म्हणून. काकूंनी दारातच माझी बॅग घेतली, तिचं वजन जोखलं, आतून लॅपटॉप काढला आणि भिंतीतल्या फडताळात ठेवून कडीला कुलूप घातलं.

"काकू, अहो फक्त मेल बघते. एकदाच."

काकूंनी चावी कमरेला खोचली. "सीझन संपू दे," त्या म्हणाल्या. "मग देते."

आमची मुलगी इतकी मोठ्याने हसली की वर कौलांवरचे कावळे उडाले. पहिला दिवस मला जड गेला. डोकं दुखायला लागलं, दुपारी काकूंच्या आमटीत मीठ कमी आहे असं मला वाटलं. मी तसं म्हणणार होते. मग मला भर दुपारी वॉचमनची खुर्ची दुरुस्त करणारे काका आठवले आणि मी गप्प जेवले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाजारातून रिकामे क्रेट घेऊन टेम्पो आला. हॉर्न ऐकून काकू हातातलं काम टाकून अंगणात आल्या. आम्हीही आलो. काकूंची नजर पहिल्यांदा गेली ती ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटकडे. तिथे पाण्याची बाटली होती आणि वाळत टाकलेला टॉवेल. मग झाडाखाली जाऊन त्यांनी एक पडलेला आंबा उचलला, पदराने पुसला आणि खाली उतरलेल्या ड्रायव्हरच्या हातावर ठेवला.

तो बाजारातलाच माणूस. त्याने आंबा अंगठ्याने हलकेच दाबला आणि नाकाशी नेला.

"वास काय घेतोस रे," काकू म्हणाल्या, "खा."